शेतात म्हणू, बाजारात घेऊ

गेवराईच्या बसस्टँडसमोर दिलावर आणि त्याची बायको रहेमतबी फळांचा गाडा लावतात. ओरडायचं आणि तोलायचं काम दिलावरचं. फळं पुसून मांडायची, पपई कागदात गुंडाळायची, ते रहेमतबीचं. कागद रद्दीचा. त्या रद्दीतच तिला ते कोडं सापडलं.

रहेमतबी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. साधी शब्दकोडी ती जाता-येता सोडवायची. पण एका साप्ताहिकातलं हे कोडं निराळंच होतं. ‘नदी उलटी वाहिली, तर गरीब होते.’ अक्षरं दोन. लिहिणाऱ्याचं डोकं फिरलंय, असं तिला वाटलं. मग पपई गुंडाळता गुंडाळता तिनं नदी मनातच उलटी करून पाहिली. दीन. तिच्या घरात दीन म्हणजे धर्म. मग गरीब कुठून आला? तेवढ्यात शाळेतली प्रार्थना आठवली, त्यातले दीनदुबळे आठवले. तो कागद तिनं गुंडाळायला वापरलाच नाही, घडी करून कमरेला खोचला.

पुढं ती रद्दीच्या गठ्ठ्यातून तेच साप्ताहिक निवडून काढू लागली. उत्तरं पुढच्या अंकात यायची आणि रद्दीत लागोपाठचे अंक कधी मिळायचे नाहीत. पण तिचं त्यावाचून अडलं नाही.

स्वप्नाली रोज सकाळी गाड्याशेजारी बीडच्या बसची वाट बघायची. लग्न होऊन नुकतीच गेवराईत आलेली, बीडला एका लॅबमध्ये नोकरीला. एकदा तिनं रहेमतबीच्या हातातल्या कागदात डोकावून वाचलं, “आईच्या मागं जासूस लावला, पोरगी मात्र तिथं सुखात.”

“हे काय हो मावशी?”

“दोन बाजूनं बघायचं,” रहेमतबी म्हणाली. “आई म्हंजी काय? मा. जासूस म्हंजी हेर. मा च्या मागं हेर लावा.”

“माहेर,” स्वप्नाली म्हणाली. तिचं माहेर आष्टीकडचं. तिनं कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. “पण हेच बरोबर कशावरून?”

“एका बाजूनं शब्द जोडून आला, दुसऱ्या बाजूनं अर्थ आला. दोन्ही एकाच ठिकाणी भेटले. मंग आणखी कुणाला कशाला इचारायचं?”

त्या दिवशी स्वप्नालीची बस चुकली. दुसऱ्या दिवसापासून ती थोडी लवकर यायला लागली.

दिलावरला हा सगळा नाद पोरकट वाटायचा. “गिऱ्हाईक हुबं हाय आन् ही अक्षरं मोजतीय,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण तेच साप्ताहिक दिसलं की रद्दीतून बाजूला काढून ठेवायचाही तोच.

दसऱ्यानंतर एक कोडं आलं आणि रहेमतबी अडली. ‘शेतात म्हणू, बाजारात घेऊ.’ दोन अक्षरी. आजूबाजूच्या शब्दांची मदत घ्यावी, तर कागद तिथंच पपईच्या चिकानं फाटलेला. तिनं शेत उलटं केलं, बाजार तोडून पाहिला. ‘भाजी’ आली, पण शेतात भाजी म्हणतं कोण? ‘ओवी’ शेतात म्हणतील, पण ती बाजारात मिळत नाही. एक बाजू जुळली की दुसरी निसटायची. भाकरी थापतानाही तिच्या डोक्यात तेच.

“मावशी, पुढचा अंक विकत आणू का? उत्तर असंल त्यात,” स्वप्नालीनं विचारलं.

“न्हाई बाई. मंग मजा काय राहिली?”

त्याच आठवड्यात बजरंग नावाचा एक ओळखीचा शेतकरी गाड्याशी थांबला. दिलावर त्याला फळं तोलून देत होता.

“काय, ऐन हंगामात बाजारात?” दिलावरनं विचारलं.

“आत्ता कुठं वापसा झालाय रानात, चिखल सुकलाय. औंदा ज्वारीच पेरू म्हणतो.”

दिलावरचा तराजूवरचा हात थांबला. त्यानं पारड्यातल्या फळांकडं पाहिलं, मग बायकोकडं.

“तुझ्या कागदावर काय लिवलंय, वाच बरं परत.”

रहेमतबीनं वाचलं. “शेतात म्हणू...”

“पेरू,” दिलावर म्हणाला, आणि पारड्यातला एक पेरू उचलून त्यानं तिच्यापुढं धरला. “आन् बाजारात घेऊ, ह्यो.”

रहेमतबी हसायला लागली ती पदर तोंडाला लावूनही थांबेना. पेरूचा ढीग सकाळपासून तिच्या पुढ्यात होता. तो तिनंच पुसून मांडला होता. बजरंगाला काही कळलं नाही. तो म्हणाला, “माझं वजन तर पुरं करा.”

दुसऱ्या दिवशी तिनं स्वप्नालीला समजावून सांगितलं, “मी तोडत बसले. ह्यो शब्द तुटतच न्हाई. एकच शब्द, अर्थ दोन. आन् ह्यांनी सोडवलं बरं का, मी न्हाई.” दिलावर तिकडं बघत नव्हता, पण त्या सकाळी तो नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडत होता.

तेव्हापासून तोही कोडी घालतो. पहिलं कोडं त्यानं स्वप्नालीलाच घातलं: “वरून कडक, आत लाल दाणे. चार अक्षरी.”

“डाळिंब. पण अक्षरं तीनच की हो.”

“आन् हे कोडं न्हाई,” रहेमतबी म्हणाली. “ही तर पाटी झाली.”

“मंग कसं करायचं?”

रहेमतबी सरकून त्याच्याजवळ बसली. “हे बघा, शाळेत शिकवतो तो कोण? सर. घराला काय असतं?”

“दार,” दिलावर म्हणाला आणि विचारात पडला. समोर गिऱ्हाईक पपई हातात घेऊन उभं होतं.