एका मताचा व्हांगेल

गोरनो ओरेवो गावात मतदार त्रेसष्ट, आणि त्यातले बासष्ट कुठे जाणार हे पेटी उघडण्याआधीच सगळ्यांना ठाऊक. उरलेलं एक व्हांगेलचं. पत्र्याच्या शेगड्या दुरुस्त करणारा हा एकांडा शिलेदार वीस वर्षं मधपाळ पक्षाला मत देत आला होता. पक्ष कधी निवडून आला नाही, येणारही नव्हता. पण निकालाचा कागद शाळेच्या दारावर लागला, की आपला ‘१’ बघायला तो दाढी करून, कोट चढवून जायचा.

यंदा राष्ट्राध्यक्ष आणि संसद, दोन्हींचं मतदान एकाच बुधवारी आलं. व्हांगेल सकाळी सातलाच हजर. केंद्रप्रमुख स्लाव्हिंकाने ओळखपत्र पाहिलं.

“काका, याची मुदत फेब्रुवारीतच संपलीय.”

“अगं, तुझ्या बारशाला जेवलोय मी! मला ओळखत नाहीस?”

“मी ओळखते हो. कायदा नाही ओळखत.”

बिचारा पडल्या चेहऱ्याने खानावळीत आला. बातमी आधीच पोचली होती; मालक बोगोया वाटच बघत होता. व्हांगेलला चिडवल्याशिवाय त्याला कॉफी गोड लागत नसे.

“काय लेका, यंदा भोपळा ना?”

एरवी व्हांगेलने शिव्या हासडल्या असत्या. आज मात्र भरलेला पेला तसाच ठेवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दाढीसुद्धा केली नाही. शाळेपुढे गर्दी दिसली म्हणून नाइलाजाने वळला. संसदेच्या कागदावर मोठ्या पक्षाला एकसष्ट, आणि मधपाळांपुढे ठळक ‘१’!

गावात गहजब उडाला. जो तो शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागला. “कोण तो फितूर?” बोगोया सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. ओरडता ओरडता त्याने व्हांगेलला कोपरापाशी धरून बाजूला घेतलं.

“मी दिलं. कुणापाशी बोललास तर तंगडं मोडीन.”

“तू? तू तर मोठ्या पक्षाचे झेंडे शिवून घेतोस!”

“मग? काल पेला टाकून गेलास. पुन्हा आलाच नसतास, तर मी चिडवायचं कुणाला?”

व्हांगेलचे डोळे भरून आले. त्याने बोगोयाच्या खांद्यावर हात ठेवला, घसा साफ केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा गरजला, “अरे, ज्याने कुणी दिलं, त्याचं भलं होवो! मधपाळ पक्ष वाढतोय रे गावात! पुढच्या वेळी दोन!”