काकांनी लपवलेली भिंत

आमचे काका रंगारी. उभा जन्म भिंती रंगवण्यात गेला, पण त्या भिंतींकडे कुणी मुद्दाम बघितलं असेल तर शपथ! लोक बघतात ते भिंतीवरचं घड्याळ. म्हणून खोली पूर्ण झाली की काका ओल्या रंगात, गुडघ्याच्या उंचीवर, आपला अंगठा दाबून ठेवतात. आमच्या स्वयंपाकघरातही दारामागे तो आहे. केर काढताना काकू रोज कुरकुरते, "एवढी छान भिंत, शेवटी खराब केलीच!" काकांचं काम बघायला मात्र ती कधी गेली नाही. "भिंतीत काय बघायचं?" म्हणते. काकांना ते फार लागतं.

आणि अशा माणसाला कलादालनातलं काम मिळालं! एका कलाकार बाईंना नुसत्या उजेडाची खोली करायची होती. कोपरे गोल, जमिनीपासून छतापर्यंत एकच पांढरा, दिवे आडोशाला. नजरेला धरायला काही उरलं नाही की खोली संपतच नाही, असं त्या म्हणाल्या. काका हरखून गेले. लांबीची पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून कोपऱ्यांचा मागमूस ठेवला नाही.

"लोक खास माझी भिंत बघायला येणारेत," ते गल्लीभर सांगत सुटले. काकूला बजावलं, "या वेळी तूही यायचंस."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दिवे लागले आणि बाई किंचाळल्याच. समोरच्या भिंतीवर अंगठा! सवयीने हात गेला होता. उजेडात तेवढा खळगा दिसला आणि सगळी जादू खलास. तेवढ्यापुरता रंग लावला तर ठिगळ दिसणार, म्हणून काकांनी तो घासून, बुजवून अख्खी भिंत नव्याने रंगवली. घरी आले ते तोंड एवढंसं करून.

"आता तिथे माझं काहीच दिसणार नाही," मला म्हणाले. "तुझ्या काकूला काय दाखवू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आत शिरलो आणि काय सांगू! भिंतच गायब! गुलाबी उजेड बघता बघता निळा झाला, आणि तो कुठवर पसरलाय काही कळेना. मी तरातरा पुढे गेले आणि नाक आपटून घेतलं. आनंदाने नाचावंसं वाटत होतं. काकू मात्र दारातच वाकून, गुडघ्याच्या उंचीवर काहीतरी शोधत होती.

"अहो, तुमचा अंगठा कुठाय?"

"पुसला."

"आणि भिंत?"

"लपवली!" काका इतक्या जोरात म्हणाले की बाहेरच्या रांगेतले लोक डोकावले. "तुझ्या समोरच आहे. शोध!"

काकूने हात पुढे केले, दोन पावलं टाकली आणि थांबली. तोंड उघडं ते उघडंच.

"अगं बाई! हे तुम्ही केलंत?"

काकांनी नुसती मान डोलावली.

"मला पार पुढे जायचंय," काकूने हात मागे केला. "पण पडेन हो मी. आणा तो अंगठा इकडे."

काकांनी दिला. तो मुठीत धरून तिने सगळी खोली पालथी घातली, आणि आम्ही रस्त्यावर आलो तरी सोडला नाही.