इन्स्पेक्टर गेला, मिशी राहिली

माझे दाजी लिफ्ट चालवतात. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरी सगळे खूश होते, कारण मुलगा वायरमन होता, परीक्षा पास झालेला, हातात कला असलेला. पण ज्या ऑफिसांच्या इमारतीत ते कामाला लागले, तिथला लिफ्टमन नेमका त्याच आठवड्यात आजारी पडला आणि मॅनेजर म्हणाला, "दोन दिवस बसा लिफ्टमध्ये, मग बघू." ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

लिफ्ट जुनी आहे. जाळीचे दोन दरवाजे, एक पितळी दांडा, कोपऱ्यात स्टूल. चार माणसं आत शिरली की पाचव्याने श्वास बाहेरच घेऊन यावा. दाजींना दिवसभर जाळीतून फक्त भिंत दिसते, कधी वर जाणारी, कधी खाली जाणारी. सुरुवातीला ते माझ्या दुकानात येऊन म्हणायचे, "अरे, दिवसभर प्रवास करतो आणि पोचत कुठेच नाही." मी हसायचो. त्याच इमारतीतलं, जिन्याखालचं झेरॉक्सचं हे दुकान मला त्यांच्याच शब्दावर मिळालंय, तेव्हा त्यांच्या विनोदाला हसणं भागच होतं.

मग ती मालिका आली. खुनाची, तपासाची. तिच्यातला इन्स्पेक्टर जाडजूड, खाली वळलेल्या झुपकेदार मिशांचा, एक भुवई उचलून माणसाला घाम फोडणारा. आणि दाजी हुबेहूब तसे. दाजींनी मिशी ठेवली होती ती लहानपणी पडून ओठावर टाके बसले होते, तो वण झाकायला. पण हे कोणाला सांगून उपयोग? चौथ्या मजल्यावरच्या विमा ऑफिसातल्या बाई एका सकाळी लिफ्टमध्ये शिरल्या, दाजींकडे बघून "अगबाई, इन्स्पेक्टर!" म्हणाल्या, आणि माझ्या दाजींचा निकाल लागला. त्या दिवसापासून मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना साहेब म्हणू लागले.

तो इन्स्पेक्टर आरोपीसमोर खुर्ची ओढून बसायचा आणि म्हणायचा, "बोला. वेळ माझ्याकडे भरपूर आहे." एकदा वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. आतली माणसं रडकुंडीला आली. त्यांचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून दाजी स्टुलावर बसून ते वाक्य बोलले. सगळे खो खो हसले. झालं, पुढे रोज बोलावं लागलं. सर्दी असो, ताप असो, वाक्य पाहिजे.

शुक्रवारी सकाळी तर लिफ्टमध्ये हजेरीच असायची. गुरुवारी मालिकेचा भाग व्हायचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आपल्या मते खुनी कोण हे साहेबांना सांगितल्याशिवाय कोणी आपल्या मजल्यावर उतरायचं नाही, असा रिवाजच पडला होता. साहेबांनी एक भुवई उचलली तर संशय रास्त, दोन्ही उचलल्या तर तुम्ही फसलात. वाद अर्धवट राहिला तर माणसं सरळ शेवटच्या मजल्यापर्यंत जाऊन परत खाली यायची. शेजारी बटणांची नवी लिफ्ट बसवली, आरसा असलेली, तेव्हा मॅनेजरला जुनी बंद करायची होती. लोकांनी ती बंद करू दिली नाही. साहेब कुठे जातील, म्हणाले. साहेब कुठे जाऊ इच्छितात, हे त्यांना कोणीच विचारलं नाही.

दाजींना तळघरातली दुरुस्तीची खोली हवी होती. वायर, फ्यूज, पंप, मोटारी. वर्षातून दोनदा तरी ते मॅनेजरकडे जायचे आणि मॅनेजर दरवेळी तेच म्हणायचा, "साहेबांना तळघरात कोंडून कसं चालेल?" हे तो जाळीच्या पिंजऱ्यात बसणाऱ्या माणसाला सांगायचा, आणि गंभीरपणे सांगायचा.

घरी ताईचे वेगळेच हाल. दाजींची भुवई आता आपोआप वर जायची. ताई म्हणायची, "मी ह्यांची बायको आहे की आरोपी, तेच कळत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर चौकशी बसते." दाजी ओशाळून भुवई हाताने खाली करायचे. मालिकासुद्धा ते शाळेतल्या मुलाने गृहपाठ करावा तशी बघायचे, कारण सकाळी लोक विचारणार. मजा म्हणून त्यांनी ती कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही.

आणि मग बातमी आली की इन्स्पेक्टर मालिकेतून जाणार. त्याच्या जागी एक नवी बाई येणार, आखूड केसांची, मोठ्याने हसणारी.

इमारतीत सुतक पडलं. विमावाल्या बाई म्हणाल्या, "त्याच्याशिवाय मालिका म्हणजे मिठाशिवाय जेवण." दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "भूल न देता दात उपटावा तसा उपटला हो माणूस." सगळ्यांनी मिळून मालिकेवर बहिष्कार टाकला. लोक लिफ्टमध्ये शिरून दाजींचा हात हातात घ्यायचे, "साहेब, तुमच्यावर फार अन्याय झाला." दाजी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं दुःख अनावर झालंय. डॉक्टरांनी दाजींना 'साहेब परत या' म्हणत हात जोडायला लावून मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो कुठल्या कुठे फिरला.

संध्याकाळी दाजी माझ्या दुकानात आले, शटर अर्धं ओढून घेतलं आणि पोट धरून हसले. "सुटलो रे," म्हणाले. "इन्स्पेक्टरच नाही तर साहेब कशाला हवा?" दुरुस्तीच्या खोलीतले मोठे मिस्त्री त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. दाजी मॅनेजरला भेटूनही आले होते आणि मॅनेजर पहिल्यांदाच म्हणाला होता, "आता काही हरकत दिसत नाही." इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. कुठली मोटार का गरम होते, कुठल्या मजल्याची वायर कोणी चुकीची ओढलीय, सगळं पाठ होतं त्यांना. मी ऐकत बसलो. बरं वाटत होतं.

नव्या बाईचा पहिला भाग मी ताईकडेच पाहिला. बाई झकास होती. आरोपीशी गप्पा मारता मारता त्याच्याच ताटातलं खायची. दाजी मांडीवर थाप मारून हसले. ताई म्हणाली, "ही बरी आहे बाई. माणसात राहिल्यासारखी वाटते."

सकाळी दाजींनी मिशी काढली.

ताई सांगते, ती स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. मग जवळ जाऊन तिने ओठावरच्या त्या वणाला बोट लावलं. "लग्नात असेच होता तुम्ही," म्हणाली. खरं तर लग्नातही मिशी होती, फोटो आहेत. पण त्या सकाळी कोण फोटो काढून बघतंय!

दाजी लिफ्टमध्ये जाऊन बसले. शुक्रवार होता, बहिष्कार टाकलेला भाग प्रत्येकाने पाहिलेला होता, कशावर बहिष्कार टाकलाय ते कळायला नको? पण लिफ्टमध्ये शिरलेलं माणूस एकदम गप्प व्हायचं. विमावाल्या बाई म्हणाल्या, "नवीन का तुम्ही? साहेब रजेवर आहेत का?"

"मीच आहे, बाई."

बाईंनी नीट पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, रागाने. "असं कसं केलंत? आम्हाला निदान विचारायचं तरी!"

दुपारपर्यंत इमारतभर झालं. माझ्या दुकानासमोर माणसं उभी राहून बोलत होती आणि मी मशीनमागे कागद लावत ऐकत होतो. "छे, ह्यांच्यात ती गंमत नाही." "चेहऱ्याला वजनच नाही." "ओढूनताणून बसवल्यासारखं वाटतं." मला आधी वाटलं, नव्या बाईबद्दल चाललंय. मग कळलं, माझ्या दाजींबद्दल चाललंय.

डॉक्टर शहाणे. ते म्हणाले, "त्या वाहिनीवर आपला काही जोर चालत नाही. इथे चालतो. निदान ह्यांना तरी परत आणू." आणि सगळे मिळून मॅनेजरच्या खोलीत गेले.

मॅनेजरने दाजींना बोलावून सांगितलं, "मिशी वाढवा. तोवर घरी बसा, बिनपगारी."

"आणि दुरुस्तीची खोली?"

"आता लोक भडकलेत. नंतर बघू."

मला राहवलं नाही. मी वर गेलो आणि मॅनेजरला म्हणालो, "मिशी काय तुमच्या इमारतीची मालमत्ता आहे का?" तो शांतपणे म्हणाला, "तुमचं दुकान जिन्याखालीच आहे ना? त्या जागेचा करार ह्या वर्षी संपतोय वाटतं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी खाली आलो आणि कोणाच्या तरी ओळखपत्राच्या प्रती काढत बसलो. सगळ्या प्रती तिरक्या आल्या.

दाजी घरी बसले. माणूस आजारी असतो तेव्हा त्याचं बरं होणं आपण रोज बघतो, तशी ताई मिशी बघायची. आधी सावली, मग खुंट, मग तो वण दिसेनासा झाला. ताई एकदा मला दारापाशी गाठून म्हणाली, "मला वाटलं होतं माझा नवरा परत आला. पाहुणाच निघाला." दाजी खिडकीजवळ बसून राहायचे. बाहेर जाऊन या म्हटलं तर म्हणायचे, "अर्धवट मिशीने कुठे जाऊ? लोक विचारतील." गुरुवारी मात्र टीव्ही लावायचे आणि नव्या बाईचा भाग पूर्ण बघायचे. हसायचे नाहीत. पण बघायचे.

इकडे इमारतीत वारं फिरलं. विमावाल्या बाई मालिका बघत होत्या, फक्त चुका काढण्यासाठी. दोन-तीन खुनांनंतर चुका संपल्या. एके दिवशी बाई केस आखूड कापून आल्या, थेट त्या नव्या बाईसारखे. डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू का, तो जुना जरा रटाळच होता." मी ऐकत होतो. माझ्या हातात त्या वेळी झेरॉक्सच्या कागदांचा गठ्ठा होता, तो त्यांच्या डोक्यात घालायचा राहिला.

मिशी पूर्ण आली आणि दाजी कामावर परतले. शुक्रवार होता. ते लवकर येऊन, दांडा पुसून, स्टुलावर ताठ बसले होते. पण लोक बटणांच्या लिफ्टकडे वळत होते. दोन-चार चुकून आले त्यांत विमावाल्या बाई होत्या. "अरे वा, साहेब, आलात? छान," म्हणाल्या आणि मोबाइलमध्ये बघू लागल्या.

दाजींनीच विचारलं, "मग? ह्या वेळी कोणावर संशय?"

"अहो, ती पद्धत गेली आता. नवी बाई आल्यापासून खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवतात. ती त्याला पकडते कशी, त्यात मजा आहे." बाई चौथ्या मजल्यावर उतरून गेल्या.

त्या दुपारी दाजी मॅनेजरकडे गेले. मी सोबत गेलो, पण ह्या वेळी तोंड उघडलं नाही. दुरुस्तीच्या खोलीत नवा मिस्त्री येऊन बसला होता. "जागा रिकामी किती दिवस ठेवणार?" मॅनेजर म्हणाला. जुन्या लिफ्टचं काय, तर ती चालू राहील, काढायला खर्च आहे. आणि मिशीचं काय, हे दाजींनी खरंच विचारलं. मॅनेजरने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, जणू काही प्रश्नच कळला नाही. "ठेवा नाहीतर काढा. मला काय त्याचं?"

दाजींनी मिशी काढली नाही. ताईने दोनदा विषय काढला, तिसऱ्यांदा काढला नाही.

परवा मी त्यांना चहा द्यायला गेलो आणि लिफ्टमध्येच उभा राहिलो. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात नव्याने लागलेली एक मुलगी खालून धावत आत आली, नवी लिफ्ट भरली होती म्हणून. तिने दाजींकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "काका, तुम्ही कोणासारखे तरी दिसता हो. अगदी ओठांवर आहे नाव."

दाजींची भुवई आपोआप वर गेली. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे दिला, पाठ ताठ केली आणि थांबले. मीही थांबलो. तिसरा मजला आला.

"जाऊ दे, नाही आठवत," म्हणून ती हसत निघून गेली.

दाजींनी जाळी ओढली, पण दांडा फिरवला नाही. आम्ही तिथेच उभे होतो. खालून कोणीतरी घंटी वाजवत होतं.

"तुला तरी आठवतं का रे," ते म्हणाले, "हे सगळं सुरू व्हायच्या आधी मी कसा होतो?"

मी चटकन "हो" म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले, मी पुढे सांगेन म्हणून. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना.