मी मुद्दाम चौथी आले

तर ही गोष्ट मी नववीत असतानाची, चौऱ्याण्णव सालची, आणि ती सांगायची म्हटलं की आजपण मला लाज वाटते. पण सांगतेच!

आमच्या शाळेला एक सर होते. हिंदी आणि पीटी दोन्ही तेच शिकवायचे. त्यांना कशाचं वेड असावं? आर्जेंटिनाचं! आमच्या लासुर्ण्याच्या आसपास सगळा ऊस, पोरं कबड्डी नाहीतर कुस्तीतली, फुटबॉल म्हणजे काय ते निम्म्या शाळेनं बघितलेलं पण नव्हतं. आणि सरांकडं एक जाडजूड वही, तिच्यात सगळी आर्जेंटिनाच्या खेळाडूंची कात्रणं. शहाऐंशी साली कुणाच्या तरी घरी टीव्हीवर त्यांनी तो बुटका दहा नंबरवाला बघितला, निम्म्या मैदानातनं एकेकाला चुकवत गेला आणि गोल केला, तेव्हापासनं हे सुरू. त्याच मॅचमध्ये त्यानं हातानं केलेल्या गोलाचं कात्रण मात्र वहीत नव्हतं. विचारलं की सर म्हणायचे, "पानं संपली व्हती."

एकदा पोरींनी विचारलंच, "सर, तुमचं कुणी पावनं हायत का हो तिकडं?"

"पावनं असतं तर हितं कशाला बसलो असतो? वाचा गप."

पण सर कात्रणं वाचून दाखवायचे ते ऐकायला मजा यायची हां! तिकडच्या एका विशीतल्या पोरानं बत्तीस साली ऑलिंपिकची मॅरेथॉन मारली, तो म्हणे अनाथाश्रमात वाढलेला. अठ्ठेचाळीस साली लंडनला त्यांच्याच एका आगीच्या बंबावरच्या गड्यानं, आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, आणि तीच जिंकली. एक मुष्टियोद्धा, त्यानं अमेरिकेच्या चॅम्पियनला ठोसा मारून दोऱ्यांतनं थेट रिंगच्या भाईर फेकला, आणि तरीपण शेवटी हरला. एक गाडी पळवणारा, पाच वेळा जगात पहिला, त्याला क्यूबात शर्यतीच्या आदल्या दिवशी पळवूनच नेलं आणि मग सोडून दिलं. मी पाचवीत असताना त्यांच्या एका पोरीनं अमेरिकेतली मोठी टेनिसची स्पर्धा जिंकली, तिचा फोटो तर सरांनी वहीच्या पुठ्ठ्यावरच चिकटवला होता. म्हणायचे, "बघा, पोरगी हाय!"

मी दीड हजार मीटर पळायचे. अनवाणी. आमचा आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचा, तात्या म्हणजे माझे वडील शेती करतात, म्हणून सर म्हणायचे, "हिच्या पायात आज्याची चाल हाय, फक्त जरा घाई केली पायजे."

त्या जुलैत सर वर्गात आले ते तोंड पाडून. पेपर टेबलावर ठेवला. त्या दहा नंबरवाल्याला वर्ल्ड कपमधनं काढलं होतं. लघवी तपासली, त्यात उत्तेजक औषध सापडलं. पेपरात लिहिलेलं की असलं औषध सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांत पण असतं. आणि फोटो! मॅच संपलीय, पांढऱ्या कपड्यातली एक बाई त्याचा हात धरून त्याला मैदानातनं घेऊन चाललीय, आणि तो हसतोय. त्याला माहीतच नाही पुढं काय होणारय. मला तो फोटो बघवेना. सरांनी तो वहीत शेवटच्या पानावर लावला आणि त्या दिवशी पीटीचा तास झालाच नाही.

सप्टेंबरात मी तालुक्याला इंदापुरात पहिली आले. मग जिल्ह्याच्या स्पर्धा, त्या बारामतीला. पहिल्या दोघी पुढं जाणार. तात्यांनी जेवताना सांगून टाकलं, "हितं निवड झाली तर पळ पुढं. न्हाय तर यंदा बास. पुढच्या साली धावी हाय." आईनं मान डोलावली. म्हणजे तिचंपण तेच.

आणि मला नेमकी सर्दी झाली! नाक बंद, खोकला इतका की शेजारची म्हातारी म्हणाली, "ह्या पोरीच्या छातीत इंजन बसवलंय का काय?" तात्यांनी गावातल्या दवाखान्यातनं लाल औषधाची बाटली आणली. कंपाउंडरनं बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली, कात्रीनं खाचा पाडलेली, एक खाच म्हणजे एक डोस. आदल्या दिवशी मी तीन खाचा प्याले. स्पर्धेच्या सकाळी चौथी. खोकला एकदम कमी! इतकं भारी वाटलं की बाटली पिशवीतच टाकली.

सर आणि पोरं एसटीनं पुढं गेली होती. मी आणि माझी मैत्रीण वडापच्या जीपनं निघालो. ती अंथुर्ण्याची, गोळा फेकायची, आणि तिला सगळ्या जगातलं सगळं माहीत असायचं. जीपमध्ये आम्ही नऊ जणं, शिवाय एक बोकड. मी पिशवीतनं रुमाल काढला तर तिला बाटली दिसली.

"हे काय गं?"

"खोकल्याचं."

"प्यालीस?"

"चार डाव."

तिचं तोंडच उघडं राहिलं. "अगं मूर्खे! त्या दहा नंबरवाल्याला कशानं हाकलला? सरांनी वाचून दावलं न्हवतं का?"

"ते तिकडं. हितं कोन तपासतंय?"

"जिल्ह्याला तपासत्यात. माझ्या भावानं सांगितलंय. पयल्या तिघांची लघवी घेत्यात." आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "पेपरात पन देत्यात नाव."

झालं! तिथनं बारामतीपर्यंत मला कायपण ऐकू आलं नाही. तात्या रोज चावडीपाशी पेपर ऐकतात. एक जण वाचतो, दहा जण ऐकतात. त्या दहा जणांपुढं माझं नाव, लासुर्ण्याची पोरगी, औषध पिऊन पळली! शाळा बंद करतील माझी. सरांची वही आठवली. माझं पण कात्रण, शेवटच्या पानावर! सरांना सांगावं वाटलं आणि सांगायची हिंमत होईना, कारण सर म्हणाले असते, "मग पळू नको." आणि पळाले नाही तर निवड नाही, आणि निवड नाही तर तात्यांचं ते "यंदा बास".

मैदानात शिरलो तर समोरच मांडव. मांडवात टेबल. टेबलावर ओळीनं बारक्या बारक्या बाटल्या! आणि मागं पांढऱ्या साडीतली एक बाई बसलेली.

मैत्रीण कोपरानं ढोसत म्हणाली, "बघ. म्हनलं न्हवतं?"

मला तिथंच बसावंसं वाटलं. मी नळावर गेले आणि पोट टम्म होईस्तवर पाणी प्याले, औषध धुऊन निघंल म्हणून. मग आठवलं की आता दीड हजार मीटर पळायचंय. पोटात पाणी डचमळतंय, छातीला नंबरचं कापड टाचणीनं लावतेय, आणि डोळे त्या टेबलाकडं, तर टाचणी बोटात घुसली. रक्त आलं. मला वाटलं, आता रक्तपण तपासतील.

आणि मग मला ती आयडिया सुचली. पहिल्या तिघांची घेतात ना? मग चौथी यायचं! पाचवी-सहावी नको, अगदी वाईट दिसेल. चौथी. सर म्हणतील थोडक्यात गेलं. पुढचं तात्यांना काय सांगायचं ते मी ठरवलंच नव्हतं. भीती वाटली की डोकं एवढंसंच चालतं, पुढच्या एका पावलापुरतं.

पावणेचार फेऱ्या. फक्की मारलेला ट्रॅक. शिट्टी वाजली आणि दोन फेऱ्यांत माझं नाक मोकळं, पाय हलके, असं पळणं मला कधी आलंच नव्हतं! तिसऱ्या फेरीला माझ्यापुढं तिघी आणि मला दिसत होतं की दोघींचा दम तुटलाय. मी पाय ओढले. अक्षरशः ओढले. एक जण हळू झाली की मी तिच्याहून हळू. कडेला सर ओरडत होते, "सोड आता! सोड!" त्यांचा आवाज चिरकला तरी मी सोडलं नाही. पुढच्या पोरीच्या वेणीकडं बघत गेले आणि तिच्या मागनंच रेघ ओलांडली.

चौथी! मला इतकं हायसं वाटलं की मी खाली बसले, आणि बसल्याबरोबर खोकल्याची उबळ आली. थांबेचना. डोळ्यांतनं पाणी. आणि कुणीतरी माझा हात धरला. वर बघितलं तर ती पांढऱ्या साडीतली बाई.

"चल बाळ, तिकडं चल जरा."

मी किंचाळले. खरंच. हाताला हिसका दिला आणि पळत सुटले, मांडवाच्या मागनं, सायकली लावल्या होत्या तिथपर्यंत, दोन सायकली पाडल्या पण. शर्यतीत पळाले नसेन तेवढी पळाले! मागनं सर. मला दंडाला धरून म्हणाले, "अगं काय झालं? साप बघितलास का काय?"

मग मी सगळं सांगितलं. रडत, खोकत, उलटंसुलटं. बाटली काढून दिली. सरांनी पट्टीवरच्या खाचा बघितल्या, टेबलाकडं बघितलं आणि असे हसले, असे हसले की सायकलीच्या सीटला धरून उभे राहिले.

"येडे, त्या नर्सबाईच्या बाटल्यांत आयोडीन हाय, पोरं गुडघं फोडून घेत्यात म्हनून! हितं प्यायच्या पान्याला येकच नळ हाय, लघवी कोन तपासतंय तुझी?"

मी पण हसायला लागले. सुटल्यासारखं झालं. आणि मग सरांचं हसू थांबलं.

"म्हंजे तू मुद्दाम मागं राहिलीस?"

मी मान हलवली.

"पयली आली असतीस?"

"व्हय सर."

सरांनी बाटली माझ्या पिशवीत परत टाकली. ओरडले असते तर बरं झालं असतं. बक्षिसं वाटून झाली, मैदान रिकामं झालं, पोरांना मैत्रिणीबरोबर एसटी स्टँडवर पाठवलं. चार वाजले असतील. मला म्हणाले, "उभी रहा रेघंवर." खिशातनं स्टॉपवॉच काढलं. "आता पळ. आता तर कुनीच न्हाय भ्यायला."

मी एकटी पावणेचार फेऱ्या पळाले. कडेला एक माणूस मांडवाच्या दोऱ्या सोडत होता, तो पण थांबून बघायला लागला. रेघ ओलांडली. सरांनी घड्याळ दाबलं, बघितलं, परत बघितलं, आणि खिशात टाकलं.

"किती सर?"

"चल, गाडी चुकंल."

सर घरापर्यंत आले. तात्या ओट्यावर होते. सरांनी खरं ते सगळं सांगितलं, बाटलीसकट. मी दाराआड उभी.

"म्हंजे भिऊन हरली," तात्या म्हणाले.

"व्हय. भ्यालेलं मेंढरू कसं पळतं ते तुमाला सांगायला नको, तात्या."

"पळतं की. पर कुठं पळतंय ते त्याला ठाव नसतं."

"मग ते दावायचं काम माझं. येक साल द्या."

तात्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. "धावीत नापास झाली तर तुमी बसणार का पेपरला?"

सर म्हणाले, "हिंदीचा देतो की!"

तात्या हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी पळायला निघाले तेव्हा ते गोठ्यात होते, त्यांनी मला बघितलं आणि परत शेण भरायला लागले.

आता मी बारामतीत कॉलेजला आहे. सर अधूनमधून स्टँडवर भेटतात. स्टॉपवॉचवरची ती वेळ मी त्यांना आजपर्यंत विचारलेली नाही. त्या दिवशी जिंकलेल्या पोरीपेक्षा मी हळू पळाले असेन, तर "व्हय सर, पयली आले असते" हे खोटं होतं. आणि जोरात पळाले असेन, तर... त्याचा तर विचारच नको. परवा भेटले तेव्हा सर स्वतःच काहीतरी सांगायला लागले, "ती बारामतीची येळ गं..." आणि मी म्हटलं, "सर, माझी गाडी लागली!" गाडी लागलेली नव्हती.