घंटी वाजते, आवाज येत नाही

“यंत्राला राग येत नाही, आपल्याला येतो, म्हणून सबुरी आपणच धरायची,” असं खटपटमामा उठता-बसता म्हणायचे. स्वतः मात्र सबुरीनं कधी बसले नाहीत. आधी रेडिओ, मग पंप, आणि पन्नाशी उलटल्यावर संगणक. लोकांनी टाकून दिलेले संगणक घरी न्यायचे, त्यांवर लिनक्स ही फुकटची प्रणाली चढवायची आणि जिवंत करून परत द्यायचे. केलेल्या कामाखाली सही ठोकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रेडिओच्या पाठीवर पेन्सिलनं, संगणकात टाइप करून.

असाच एक संगणक त्यांनी शिवणकाम करणाऱ्या ताईंना दिला होता. त्या दुपारी ताईंचा निरोप आला आणि मामा अर्धा चहा तसाच टाकून निघाले.

ताईंची लेक परदेशी. आपल्या इकडच्या चार वाजता तिला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. ताईंच्या बटणांच्या फोनवरून तिकडे फोन लागत नव्हता. आधार काय तो या संगणकाचा. त्यावर घंटी वाजायची, लेक कॉल उचलायची आणि पुढं सगळं सामसूम.

“तिला माझं ऐकू जातंय हो. लिहून कळवलंय तिनं. तिचंच मला येत नाही.”

“मग लिहूनच बोला की तोवर.”

“लिहिल्यावर काय कळतंय, मामा? घाबरली की तिचा आवाज बारीक होतो. तो ऐकायचाय मला.”

साडेतीन वाजले होते. मामांनी हेडफोन बदलला. आवाजाची पट्टी वर-खाली केली. एक गाणं लावलं, ते खणखणीत वाजलं.

“गाणं येतंय, आणि माझी पोरगी तेवढी येत नाही?”

मामांनी संगणक बंद करून चालू केला, पुन्हा तेच. ताई शिलाई मशीनवर जाऊन बसल्या आणि सुईखाली कापड नसताना पायडल मारू लागल्या. खडखड, खडखड. मामांचं डोकं तापलं.

“ताई, ते थांबवा!”

“यंत्राला राग येत नाही ना, मामा?”

मामा ओशाळले. खुर्ची पुढं ओढून त्यांनी संगणकाची नोंदवही उघडली. आत येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद संगणक स्वतःच ठेवतो. ओळीमागून ओळ तेच सांगत होती: लेकीचा आवाज दारापर्यंत येत होता आणि फायरवॉल, म्हणजे संगणकाची राखणदार भिंत, त्याला परत धाडत होती. ही भिंत घातली कोणी? मामांनी तिचे नियम उघडले. घंटीची वाट तेवढी मोकळी, बाकी सगळ्या बंद. खाली मराठीत लिहिलं होतं:

“आता मुंगीही शिरणार नाही. – खटपटमामा.”

मामांचे कान तापले. परवाच कुणाचा तरी संगणक चोरांनी नेटवरून फोडल्याचं ऐकून त्यांनी मोठ्या तोऱ्यात हे करून ठेवलं होतं. त्यांनी आवाजाची वाट मोकळी केली. चाराला सात मिनिटं कमी होती.

घंटी वाजली. ताईंनी हेडफोन घट्ट धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“बोल गं... हो, आला आवाज. बारीक झालाय बघ किती!”

“ताई, चूक माझीच होती,” मामा म्हणाले. ताईंपर्यंत ते पोचलं नाही.

मामांनी जुनी सही पुसली. नवी घातली नाही. पिशवी उचलून बाहेर पडले.

ताईंना ते दिसले. उठून हाक मारावी म्हटलं, तर हेडफोनची वायर दारापर्यंत पुरत नव्हती. लेकीचं ऐकता ऐकता, गल्लीच्या टोकाशी मामा वळेपर्यंत, त्या खिडकीतून बघत राहिल्या.