दात सोडून सगळ्याचा विमा

किस्से काय, कुठेही साचतात. दाताच्या दवाखान्यात जरा जास्तच, कारण तिथे ऐकणाऱ्याचे हात गुंतलेले असतात आणि सांगणाऱ्याला घाई असते. मंचरच्या माझ्या दवाखान्यातले निम्मे किस्से एकट्या खोडदच्या रामभाऊंचे!

रामभाऊंचा मुलगा संतोष अमेरिकेत, सॉफ्टवेअरमध्ये. चार वर्षं घरी आला नव्हता. बहिणीच्या लग्नालाही रजा मिळाली नाही. पण दाढ ठणकली आणि आठव्या दिवशी गडी विमानतळावरून बॅगांसकट थेट माझ्या खुर्चीत! कंपनीचा विमा अख्ख्या अंगाला होता, फक्त दातांना नव्हता. तिकडे उपचार करण्यापेक्षा विमानाने मंचरला येणं परवडतं, असं त्याचं म्हणणं.

रामभाऊंना हा विमा काही पटेना. "दात काय उसनं आणल्यात का?"

*

रजा जेमतेम पंधरा दिवसांची. तेव्हापासून मी 'कुठं दुखतंय' नंतर विचारतो, आधी 'परतीचं तिकीट कधीचं?' रूट कॅनॉलला तीन-चार खेपा लागतात, त्यामुळे संतोषचा जीव टांगणीला आणि माझाही. त्यात रामभाऊ बाहेर येरझारा घालायचे आणि दर दहा मिनिटांनी दार ढकलून विचारायचे, अजून किती दिवस लागतील?

मी तसा चिडका माणूस. शेवटी म्हणालो, "रामभाऊ, घाई करू नका हो!"

"मी कुटं घाई करतुय?" ते म्हणाले.

*

पुढच्या वर्षी रामभाऊ एकटेच आले. खुर्चीत बसले, आ वासला आणि खालच्या डाव्या दाढेवर बोट ठेवलं. मी ठोकून पाहिली, एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत!

"हिला काहीही झालेलं नाही."

"माजी न्हाई वो, संतोषची. फोनवर हीच म्हणला. कवा बोलवू त्याला?"

हसावं की चिडावं, मला कळेना. संतोष आला, दाढ वाचली.

*

संतोष तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी चंगच बांधला. किडायला लागलेले सगळे दात भरले, एक कॅप बसवली आणि जरा फुशारकीनेच सांगितलं, आता पाच वर्षं बघायला नको. संतोष खूश. शिवाय नवी कंपनी दातांचाही विमा देणार होती. हात मिळवून तो जीपमध्ये जाऊन बसला.

रामभाऊ अर्ध्या जिन्यावरून परत आले. मला वाटलं, पिशवी विसरली.

"समदं नीट केलं?"

"सगळे दात केले. एकही ठेवला नाही."

ते दाराला धरून उभे राहिले. खालून जीपचा हॉर्न वाजला.

"एखादा ठेवायचा व्हता, डॉक्टर."