दूध सोसायटीच्या भिंतीवरचं गाव

दुष्काळात माजलगावचं धरण आटलं आणि आमचं बुडालेलं गाव वर आलं. मी बघायला गेलतो. भेगाळलेल्या गाळातून चालताना पायाखाली शिंपल्या मोडत होत्या. गल्ल्या जागच्या जागी, घरं तेवढी कमरेइतकी उरलेली. मी आमच्या उंबऱ्यावर बसलो. उन्हानं समोरचं सगळं हलत होतं, तरंगत होतं. कुणी हाक मारली असती तर मी ‘आलो’ म्हणून उठलो असतो.

मी भिंती रंगवणारा माणूस. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्या कामात कुणी बोट घातलेलं मला चालत नाही. त्याच दिवसांत, धरणामुळं उठून आम्ही जिथं वसलो त्या नव्या गावातल्या दूध सोसायटीनं भिंत रंगवायला दिली. हिरवं रान आणि भरलेलं धरण काढा, असं सांगितलं होतं. मी धरणातला गाळ पोत्यात भरून आणला, डिंकाच्या पाण्यात कालवला आणि बुडालेलं गाव काढलं. दूध घालायला आलेल्या बाया किटल्या हातात धरून घरं शोधायच्या.

“माज्या सासूची चूल इथं,” एक म्हणाली.

“अन् तुमची भांडणं पार वेशीपातूर,” दुसरी म्हणाली.

चेअरमन आमच्या भावकीतलेच. बघून तोंड वाकडं केलं. “तात्या, पाणी कुठाय? पाणी काढा, न्हाईतर दुसरा पेंटर आणतो.”

“बुडवायचंच असल तर मीच बुडवीन. दुसऱ्याचा हात माज्या गावाला लागू देणार न्हाई.”

दोन दिवस ब्रशला शिवलो नाही. तिसऱ्या दिवशी नीळ पातळ केली. चुना घातला नाही. चुन्यानं गाव झाकलं असतं. वरून खाली हात फिरवत गेलो तशा गल्ल्या निळ्या होत गेल्या, उंबरा निळा झाला. आपण श्वास धरून पोहतोय आणि खाली सगळे आपापल्या दारात बसलेत, असं मला वाटत होतं.

चेअरमन आले. “लई पातळ झालंय तुमचं पाणी.”

“खालचं दिसाया पाहिजे. तुमचा ओटा बघा कुठाय.”

त्यांनी चष्मा काढला, भिंतीजवळ गेले. निळ्याखालचा ओटा हुडकून म्हणाले, “एवढा बारका नव्हता ओटा.”

“एवढाच व्हता. तुमी लहान व्हता.”

त्यांनी बोट पुढं केलं.

“हात लावू नका. ओलं हाय.”

बोट मागं घेतलं, पण ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्या पेंटरचा विषय पुन्हा निघाला नाही.